तीन रेघा ऊन

१

विक्रीला जाण्याआधी प्रत्येक तुकडीतली काही घड्याळं आमच्या खात्यात येतात आणि आम्ही त्यांचे हाल करतो. रबरी हातोड्याने ठोकतो, खारट पाण्यात बुडवतो, भट्टीत तापवतो आणि लगेच बर्फाच्या कपाटात ठेवतो. बटणं दाबायला एक यंत्र आहे. ते दिवसभर एकाच बटणावर टकटक करत बसतं, हट्टाला पेटलेल्या पोरासारखं. माणूस दहा वर्षांत घड्याळाला जेवढं छळेल तेवढं आम्ही चार महिन्यांत उरकतो. तेवीस वर्षं मी हेच काम करतोय.

सोलर डिजिटल घड्याळांची परीक्षा मात्र वेगळी. ठोकून त्यांना फारसं काही होत नाही. त्यांना अंधारात ठेवावं लागतं. आकड्यांमागची पट्टी उजेड खाते आणि आतल्या छोट्या सेलमध्ये साठवते. काचेच्या कोपऱ्यात तीन बारीक रेघा दिसतात. तीन रेघा म्हणजे पोट भरलेलं, एक रेघ म्हणजे उपाशी. आम्ही घड्याळाला पोटभर उजेड देतो, काळ्या कपाटात ठेवतो आणि वाट पाहतो. अंधारात आकडे आपोआप मावळावेत आणि साठा वाचावा अशी सोय त्यात असते. ती आम्ही आधीच बंद करतो, नाहीतर चाचणी संपायचीच नाही. तरीही आमचं हे मॉडेल दोनशे दहा दिवस तग धरतं.

अशा प्रत्येक घड्याळाला एक जोडीचं घड्याळ असतं, त्याच तुकडीतलं, लागोपाठच्या क्रमांकाचं. एक आत ठेवायचं, दुसरं खिडकीपाशी. आतल्याचं काय झालं ते बाहेरच्याशी ताडून बघायचं. खात्याच्या भिंतीवर एकच नियम लिहिलेला आहे : चालू चाचणीला हात लावायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी चाचणीतून सहीसलामत सुटलेली अशी एक जोडी मी घरी आणली. एक बायकोला, एक मला.

"लोकांचे नवरे सोनं आणतात," ती म्हणाली, "आमचे सोलर आणतात."

पण दुसऱ्या दिवसापासून तिने ते मनगटावरून काढलं नाही.

२

आजारात तिचं मनगट बारीक होत गेलं. पट्टा चौथ्या भोकावरून सातव्यावर आला. मग भोकं संपली आणि मी तापवलेल्या सुईने एक नवीन पाडलं. पट्ट्याचं टोक लोंबत राहायचं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गोळीचा गजर व्हायचा, वीस सेकंद. ती डोळे न उघडता म्हणायची, "झालं का तुमचं? बंद करा आता तिला." घड्याळाला ती 'तिला' म्हणायची, सवतीबद्दल बोलावं तसं.

ती गेली तेव्हा तिला तयार करायला आलेल्या बाईंनी विचारलं, "भाऊ, घड्याळ काढून देऊ का?"

मी पाहिलं. तीनही रेघा ठळक होत्या, रुग्णालयातला तिचा पलंग खिडकीलगतच होता. सेकंद पुढे सरकत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या. चालू आहे."

बाईंना काय कळलं कोण जाणे. त्यांनी बाही खाली ओढली. आम्ही तिला मातीआड केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं लावताना माझा हात थांबला. आपण काय करून बसलो ते तेव्हा ध्यानात आलं. साठा वाचवायची सोय बंद होती, ती मी कधी चालूच केली नव्हती. म्हणजे दोनशे दहा दिवस. रोज दुपारी दोन दहाला, वीस सेकंद, त्या अंधारात.

आणि ती अंधाराला घाबरायची. सव्वीस वर्षं मला हेच माहीत होतं. मी दुसऱ्या पाळीला असायचो. घरी येई तेव्हा सगळी आळी झोपलेली असायची, फक्त आमच्या खोलीतला उशापाशी ठेवलेला दिवा जळत असायचा. ती भिंतीकडे तोंड करून, ओढणी डोळ्यांवर घेऊन झोपलेली. "एवढी कशी गं भित्री तू?" मी चिडवायचो. ती नुसती हसायची.

मी दिवस मोजायला लागलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

३

पंचेचाळिसाव्या दिवशी माझ्या घड्याळात दोनच रेघा दिसल्या.

अकरा वर्षांत तीनच्या खाली मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. उन्हाळा सुरू झाला होता. मी रोज अर्धा तास उघड्यावरून चालत कामाला जात होतो, बाह्या दुमडून. मी स्वतःला समजावलं, सेल म्हातारा झाला असेल. अकरा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. आपणच लोकांना सांगतो की कुठलीही वस्तू अमरपट्टा घेऊन येत नाही.

रविवारी ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. पूर्वेची खिडकी, ऊन थेट आत येतं. शेजारी जुनं टेबलघड्याळ होतं, स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत नव्हता, आणि तो येत नाही याची मला अजून सवय झालेली नव्हती. चार तासांनी हात लावला तर पट्टा चटका बसेल इतका तापला होता. काच मात्र गार होती.

रेघ एकच उरली होती.

४

आमच्या खात्यातल्या जोडणीवाल्याला सगळे पावशेर म्हणतात. वजनाने तेवढाच आहे, पण तोंडाने पाच शेर. मी घड्याळ त्याच्यापुढे ठेवलं.

"अरे वा, डॉक्टरच पेशंट घेऊन आले," तो म्हणाला. "काय होतंय?"

"उन्हात ठेवलं की उतरतं."

"उन्हात कोण उतरत नाही, साहेब? मला दोन तास उभं करा, मीही उतरतो."

त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण उघडलं. मीटर लावला. सेल तपासला, पट्टी तपासली, तारा तपासल्या. त्याचं बोलणं हळूहळू कमी झालं. मग बंदच झालं.

"सगळं ठणठणीत आहे," शेवटी तो म्हणाला. "पट्टी करंट देतेय, सेल घेतोय. घेतलेलं अंगाला का लागत नाही, ते मला विचारू नका." त्याने भिंग काढलं. "बागकाम सुरू केलंय का?"

"का?"

"वास येतोय. ओल्या मातीचा."

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात एक कुंडीही नाही. मी वाकून पाहिलं. काचेच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, ओलाव्याचा एक ठिपका होता. हेच मॉडेल आम्ही दोनशे मीटर खोल पाण्याइतक्या दाबाखाली ठेवून बघतो. वॉशरला कुठे तडा नव्हता. पावशेरने दोनदा पाहिलं, मी तीनदा.

"जोडीचं कुठे आहे?" त्याने सवयीने विचारलं. "ताडून बघू."

मग त्याला आठवलं. ती गेली त्या दिवशी तोही आला होता. त्याने झाकण बसवलं, चारही स्क्रू हळू हळू आवळले आणि घड्याळ माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं.

"साहेब," तो म्हणाला, "हे कपाटात टाकून द्या. नवीन घ्या एखादं."

५

मी रजा टाकली. सकाळी गच्चीवर एक पांढरी चादर अंथरायचो आणि खात्यातून आणलेली नऊ घड्याळं एका ओळीत ठेवायचो. दहावं माझं. दर तासाला नोंद.

सातव्या दिवशी नोंदवही वाचली आणि खाली बसलो. नऊ घड्याळं रोज दुपारपर्यंत भरत होती. माझं जितकं ऊन कडक तितकं जास्त उतरत होतं. ढगाळ दिवशी ते उतरत नव्हतं. काळ्या कपाटात ठेवलं की उतरत नव्हतं, रात्रीतून उलट थोडं चढायचं. रोज ते शेवटच्या रेघेपर्यंत यायचं आणि तिथे थांबायचं, विझायचं नाही. पावशेर म्हणाला होता, पट्टी देतेय आणि सेल घेतोय. मग घेतलेलं जात कुठे होतं? तेवीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय. साठा नाहीसा होत नाही, तो कुणीतरी वापरत असतं.

जोडीचं घड्याळ.

मी शिकलेला माणूस आहे. असं काही मनात आलं तर माणसाने थंड पाणी प्यावं आणि झोपावं, हे मला कळतं. मी पाणी प्यालो, झोपलोही. उठलो तेव्हाही तेच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर भीती वाटलीच नाही. कित्येक दिवसांनी छातीवरचा दगड थोडा बाजूला सरकला. तिला उजेड मिळत होता. माझ्या मनगटावरून जात होता.

मग नोंदी थांबवल्या. नऊ घड्याळं परत केली. दहावं मनगटावर बांधून सकाळी सातला गच्चीवर जाऊन बसायचो, मनगट वर करून. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई पापड वाळत घालायला यायच्या. त्यांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुम्हालाही वाळत घातलंय का कुणी?" मी हसलो. हात काळवंडला, मग सोलला. त्याचं काही वाटलं नाही.

एकदा मी त्यांना म्हणालो, "आज आभाळ भरून आलंय. पापड उचला."

त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता जिना उतरल्या.

त्या दिवसानंतर दुपारी जेवायला खाली आलो की मला घरात दिवा लावावा लागायला लागला. वर्तमानपत्र खिडकीपाशी नेलं तरी अक्षरं राखाडी दिसायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्यांत बॅटरी मारली, सगळे तक्ते वाचायला लावले आणि म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मला तो निकाल ओळखीचा वाटला. पावशेरनेही हेच सांगितलं होतं, पट्टी चांगली आहे, सेल चांगला आहे.

म्हणजे तिला घड्याळातलं आता पुरत नव्हतं. चालेल, मी म्हटलं. घे.

६

पावशेरने फोन केला असणार. लेक न सांगता आली. दारातच थांबली.

"बाबा, अवतार काय हा? आरशात बघता की नाही?"

"आरसा दिसत नाही नीट. तो बल्ब जरा लाव."

"बल्ब?" तिने बॅग खाली ठेवली. "दुपारचा एक वाजलाय. खिडक्या सताड उघड्यात. मला ऊन डोळ्यांत खुपतंय."

मला खिडकीचा चौकोन दिसत होता, तिन्हीसांजेसारखा. ती स्वतः कळत होती ती आवाजावरून आणि साडीच्या फिकट रंगावरून. ती जवळ आली, माझा हात उचलला आणि सोललेली कातडी बघून तिने दाताने ओठ दाबला. तिची आई असंच करायची.

मी तिला सगळं सांगितलं. ठरवलं नव्हतं, पण सांगितलं. मध्ये एकदाही ती हसली नाही. पट्टा, गजर, नऊ घड्याळं, ओलावा.

"म्हणजे आईपाठोपाठ तुम्हीही जाणार," ती म्हणाली. "आणि मी कुणाच्या दारात यायचं?"

"जाणार कुठे? बसलोय फक्त."

"आंधळे होऊन!"

"अगं, तिला अंधारात राहवत नाही. तुला माहीत आहे. जन्मभर दिवा लावून झोपली ती."

मला वाटलं लेक आता रडेल. पण तिचा आवाज कोरडा होता.

"बाबा, आईला अंधाराची भीती नव्हती."

"काहीतरीच."

"तुम्ही रात्रपाळीला असायचात ना, आठवडाभर, तेव्हा आम्ही दिवा घालवून झोपायचो. गडद अंधार करून. फटीतून उजेड आला तर ती उठून कापड कोंबायची. उजेडात तिला झोपच लागायची नाही."

"मग तो दिवा..."

"तुमच्यासाठी असायचा. तुम्ही एकदा चुलीशी ठेचकाळला होतात म्हणे, मी लहान असताना. तेव्हापासून. तुम्ही येईपर्यंत ओढणी डोळ्यांवर घेऊन पडून राहायची. मी म्हणायचे, बाबांना सांग की. तर म्हणायची, सांगितलं तर घालवायला लावतील आणि पुन्हा धडपडतील. त्यापेक्षा मला भित्री म्हणू देत."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी मनात हिशेब लावत होतो. किती दिवस गच्चीवर बसलो. रोज किती तास. अठ्ठावीस दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. जेवणाची वेळ सोडली तर एक क्षणही सावली येऊ दिली नव्हती.

"बाबा? काय झालं? असं काय पाहताय?"

७

मी मनगट डोळ्यांजवळ आणलं. आकडे गेले होते. शेवटची रेघही गेली होती. नुसती करडी काच, बोटाच्या पेराएवढी.

समोर खिडकी होती. घड्याळाच्या काचेत खिडकीचा चौकोन दिसायला हवा होता, निदान माझं कपाळ. दोन्ही नव्हतं. आत खोल काळं होतं आणि त्या काळ्यात वरून एकाच जागी प्रखर पांढरा उजेड पडला होता, शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडतो तसा. त्या उजेडात काहीतरी आडवं होतं. मी श्वास रोखून पाहिलं. तो हात होता. कोपरापासून मनगटापर्यंत, डोळ्यांवर आडवा घेतलेला. मनगटावर पट्टा होता आणि त्याचं लांब टोक लोंबत होतं.

हात थरथरत होता. झोपेतल्या माणसाचा थरथरतो तसा नाही. खूप वेळ उचलून धरलेला हात थरथरतो तसा.

मी काचेवर तळहात ठेवला.

"लागलंय का तिथे?" लेकीने विचारलं. "का दाबून धरलंय?"

"पडदे ओढ."

"आत्ता कुठे दिसत नाही म्हणालात—"

"ओढ गं बाई. सगळे."

कड्या दांडीवरून घसरत गेल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा, मग स्वयंपाकघरातला. दाराखालच्या फटीत तिने न सांगता पायपुसणं सारलं. मला ते कळलं, कारण खोली आता खरोखरची अंधारली होती आणि ती अंधारल्याचं मला दिसलं होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा उजेड आणि अंधार यांतला फरक दिसला.

तळहाताखालची काच गार होती. मग ती काच वाटेना. काहीतरी मऊ, अगदी पातळ, माझ्या हातावरच्या रेषांना घासून गेलं. पापण्यांच्या टोकांसारखं. थांबलं. पुन्हा घासलं, आधीपेक्षा सावकाश. माझा तळवा ओला झाला.

मी हात हलवला नाही. हलवावासा वाटला, सगळं अंग म्हणत होतं की हात काढ आणि पळ. तेवीस वर्षं वस्तूंचा जीव जाताना शांतपणे बघत बसलो होतो, त्या सवयीने मला जागेवर धरून ठेवलं. दुसरं कुणी धरलं असतं तर सुटलो असतो.

लेक अंदाजाने चाचपडत आली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. माझ्या हातावर तिने आपला हात ठेवला आणि दचकून काढून घेतला.

मग तिने हात पुन्हा ठेवला. हळू, वजन न टाकता, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लोटून घेतात तसा.